आधी औषध, मग शस्त्र

स्तनात कर्करोगाची गाठ सापडली की घरातील वडीलधारी माणसे, शेजारीपाजारी आणि पुष्कळदा गावचा डॉक्टरही एका दमात एकच सल्ला देतात : काढून टाका. हा सल्ला कोणी दुष्टपणाने देत नाही. घरात साप निघाला म्हणजे तो विषारी की बिनविषारी हे पाहत न बसता माणूस काठी शोधतो, त्यातलाच हा प्रकार आहे. परंतु वैद्यकशास्त्राने या रोगापुरती ती काठी केव्हाच खाली ठेवली आहे. रोग वेळेत सापडला तर स्तन राखून केवळ गाठ काढता येते. गाठ मोठी असेल तर आधी औषधे देऊन ती लहान करता येते आणि मग तीच मर्यादित शस्त्रक्रिया शक्य होते. मुंबईत, पुण्यात, आमच्या बांबोळीतही हे आता नवल राहिलेले नाही. प्रश्न आहे तो वांकिडीचा.

वांकिडी हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले नसेल. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याहून आसिफाबादकडे जाताना महाराष्ट्राची हद्द संपली की तेलंगणात लागणारे हे मंडलाचे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. २०१६ च्या पुनर्रचनेत ते कुमुरम भीम आसिफाबाद या नव्या जिल्ह्यात गेले. निजामी अमलात राजुरा आणि वांकिडी एकाच जिल्ह्यात नांदत होती. १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली, राजुरा मराठी मुलखात आले आणि वांकिडी पलीकडे राहिली. रेघ सरकली तरी माणसांच्या जिभा सरकल्या नाहीत. त्या पट्ट्यात आजही कोणाच्या घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत तेलुगू, रानाच्या बाजूला गोंडी आणि कोलामी अशी सरमिसळ आहे. जमीन काळी, पीक कापसाचे आणि कापूस वेचणारे हात प्रामुख्याने बायकांचे.

पणजीत बसून वांकिडीची चिंता वाहण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की सीमेवरचा रुग्ण म्हणजे काय, हे गोमंतकाइतके कोणाला ठाऊक आहे? बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्याचा निर्णय २०१८ च्या आरंभी अमलात आला, तेव्हा दोडामार्ग आणि सावंतवाडीकडील माणसे रस्त्यावर आली होती. त्यांच्या दृष्टीने बांबोळी हे परराज्य नव्हते. ते जवळचे इस्पितळ होते. आजारी माणूस नकाशा पाहून दवाखाना निवडीत नाही. तो बस कोठे जाते आणि बोललेले कोणाला कळते, एवढेच पाहतो.

आता मूळ विषयाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सारे एकत्र खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. रोग मुळासकट उपटावयाचा तर आजूबाजूची माती जितकी खणाल तितकी बरी, हा त्यामागचा तर्क होता. तो तर्क जगाने जवळजवळ पाऊणशे वर्षे शिरोधार्य मानला. त्याला पहिला मोठा छेद दिला तो इटलीतील मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी. १९७३ ते १९८० या काळात त्यांनी दोन सेंटिमीटरांपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटावर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा तेवढा भाग आणि काखेतील ग्रंथी काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले. वीस वर्षांनंतरचा ताळेबंद २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांतील स्त्रियांचे आयुर्मान सारखेच निघाले. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या पाहणीनेही तोच निर्वाळा दिला. हा रोग केवळ स्तनाचा नसून त्याचे सूक्ष्म कण रक्तावाटे आधीच इतरत्र गेलेले असू शकतात, आणि म्हणून शस्त्र कितीही खोल चालविले तरी प्राण वाचविण्याचे श्रेय त्याला एकट्याला मिळणार नाही, हे फिशर यांचे प्रतिपादन होते.

हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न ओघानेच येतो. रक्तातील कणांसाठी औषध द्यावयाचेच आहे, तर ते शस्त्रक्रियेनंतरच का? आधी का नको? फिशर यांच्याच संघटनेने १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ स्त्रियांवर हे पडताळून पाहिले. एका गटाला रसायनोपचाराच्या चार फेऱ्या शस्त्रक्रियेपूर्वी, दुसऱ्या गटाला त्याच चार फेऱ्या नंतर. जगण्यामरण्याच्या हिशेबात फरक पडला नाही; परंतु ज्यांना आधी औषध मिळाले त्यांच्यापैकी अधिक जणींचा स्तन राखता आला. शेकडा ६० चे प्रमाण ६७-६८ पर्यंत गेले. हा लाभ प्रचंड आहे असे म्हणता येणार नाही, आणि तो फुकटही नाही. २०१८ मध्ये अशा दहा पाहण्यांतील ४,७५६ स्त्रियांची एकत्रित मोजदाद प्रसिद्ध झाली. तीत आधी औषध घेतलेल्यांपैकी शेकडा २१ जणींना पंधरा वर्षांत त्याच जागी रोग उलटला. नंतर औषध घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा १६ च्या आसपास होते. मृत्यूंचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच राहिले. जो डॉक्टर रुग्णाला पहिली बाजू सांगतो आणि दुसरी गिळतो, तो तिची दिशाभूल करतो.

मग आज हा क्रम पुष्कळ ठिकाणी का पत्करला जातो? कारण औषध आधी देण्याचा अर्थच गेल्या काही वर्षांत पालटला आहे. गाठ शरीरात असताना औषध दिले तर ते लागू पडते की नाही हे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. गाठ आधीच काढून टाकली तर नंतरचे औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. लागला की चुकला हे कळायला पाच-दहा वर्षे जावी लागतात. जपान आणि कोरियातील ९१० स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आधीच्या औषधाने ज्यांची गाठ पूर्ण विरली नव्हती त्यांच्यापैकी निम्म्या जणींना शस्त्रक्रियेनंतर कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि त्यांचे आयुष्य वाढल्याचे आढळले. ज्या गाठींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त असते त्यांच्या बाबतीतही, गाठीचा अवशेष उरला तर पुढचे औषध बदलावे, असा निष्कर्ष पुढे निघाला. म्हणजे आधी दिलेले औषध हा उपचारही आहे आणि चाचणीही आहे.

हे सर्वांना लागू नाही, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. गाठ लहान असेल, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असेल, काखेत काही लागत नसेल, तर सरळ शस्त्रक्रिया करणे हाच पुष्कळदा शहाणपणा असतो. तेव्हा ‘आधी औषध’ हा मंत्र नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की कोणाला काय आधी, हे ठरविल्याखेरीज सुरी उचलू नये. पहिला निर्णय तातडीचा असतो. पहिला छेद नव्हे.

या बाबतीत परदेशाकडेच पाहण्याचे कारण नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधी गोष्ट पडताळली. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी वापरतात ते लिडोकेन, शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवार टोचावयाचे, आणि मग गाठ काढावयाची. देशातील अकरा केंद्रांत १,६०० स्त्रियांनी या पाहणीत भाग घेतला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत शेकडा ८६.४, तर दिलेल्यांत ९०.१ होते. खर्च शंभर रुपयांच्या आत. ज्यांना आधी रसायनोपचार दिलेले नव्हते अशाच स्त्रियांवर ही पाहणी झाली, त्यामुळे तिचा अर्थ वाटेल तसा ताणू नये. तरीही शस्त्र लागण्यापूर्वीच्या दहा मिनिटांतही आयुष्याचे पारडे हलू शकते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. (ज्या रस्त्यावर हे रुग्णालय उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय कर्करोगतज्ज्ञाचे नाव आहे, हे येथे सांगितले तर वाचक आमची प्रादेशिक हौस क्षम्य मानतील.)

आता हे सारे ज्ञान घेऊन वांकिडीला जाऊ. कापूस वेचणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या बाईची कल्पना करावी. तिला गाठ हाताला लागली आहे. ती दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून ती कोणाला सांगत नाही. या रोगाची निम्मी कपटनीती या न दुखण्यातच आहे. वेचणीचे दिवस संपल्यावर ती नणंदेजवळ बोलते, मग तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खासगी दवाखान्यात जाते. तेथे घोडे पेंड खाते. ‘एवढीशी तर गाठ आहे, काढून टाकू’ असे म्हणून ती अर्ध्या तासात काढली जाते. अशी घाईने काढलेली गाठ पुष्कळदा अपुरी काढलेली असते; कडांना रोग राहिला की नाही हे कोणी पाहिलेले नसते; कधी कधी तर ती तपासायलाही पाठविली जात नाही. पुढे मोठ्या इस्पितळात गेल्यावर तेथील तज्ज्ञाच्या हाती काय उरते? व्रण. आधी औषध देऊन गाठ विरते का पाहावयाचे, तर गाठच नाही. मग पुन्हा शस्त्रक्रिया, आणि बहुधा सगळा स्तन काढण्याची.

खरे पाहता या टप्प्यावर जे हवे ते फार महागडे नाही. जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा घेता आला पाहिजे. तो तुकडा ज्या प्रयोगशाळेत संप्रेरकांची आणि हर-टूची तपासणी होते तेथे नीट जतन करून पोचला पाहिजे. आणि आधी औषध द्यावयाचे ठरले, तर पहिल्या फेरीपूर्वी किंवा गाठ हाताला लागते आहे तोवर तिच्या मध्यभागी धातूची एक इवलीशी खूण बसविली पाहिजे. ही खूण आम्हांस फार महत्त्वाची वाटते. औषध उत्तम लागू पडले तर चार-सहा महिन्यांत गाठ समूळ दिसेनाशी होते. रुग्ण देवाला नवस फेडते आणि शल्यविशारद मात्र पेचात पडतो. कारण गाठ कोठे होती हेच त्याला कळत नाही. ती खूण नसेल तर उपचार यशस्वी झाला म्हणूनच स्तन गमवावा लागण्याची पाळी येते. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा तुकड्यापायी असे घडावे, हे व्यवस्थेला शोभत नाही.

दुसरी गोष्ट काखेची. शहरातील चर्चा स्तनाभोवती फिरते. वांकिडीच्या बाईचा पोटाचा प्रश्न तिच्या हातात आहे. काखेतील ग्रंथी सरसकट काढल्या की काही जणींचा हात सुजतो, जड होतो, लहानशा काट्यानेही त्यात पू होतो. कापसाचे बोंड सुकले की त्याच्या कडा काट्यासारख्या टोचतात, हे वेचणाऱ्यांना सांगावयास नको. सुजलेला हात घेऊन ती दिवसाला किती किलो वेचणार? आधी औषध दिल्याने काखेतील रोग विरला, आणि पहिल्या दोन-तीन ग्रंथी तपासून त्या निर्मळ निघाल्या, तर निवडक रुग्णांत उरलेल्या ग्रंथींना हात न लावणे आता शक्य झाले आहे. एका मजूर स्त्रीच्या दृष्टीने स्तन राखण्यापेक्षाही हा लाभ कदाचित मोठा असेल. तो तिला कोणी सांगतो का?

येथे आम्हांस एका वृत्तीविषयी बोलणे भाग आहे. खेड्यातली बाई, वय पन्नास, मुले मोठी झालेली, मग हिला स्तन ठेवून करावयाचे काय, अशी भाषा आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकली आहे. जणू शरीराची अखंडता ही मलबार हिलवरच्या आणि मिरामारच्या स्त्रियांची मिरासदारी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावले असता जी बाई छातीवर पदर घट्ट ओढून कोपऱ्यात बसते आणि पुढच्या वर्षी येतच नाही, तिला या पंडितांनी कधी पाहिलेले नसते. उलट, ज्या स्त्रीला ‘एकदाचे काढा आणि मला शेताला जाऊ द्या’ असे मनापासून वाटते तिचाही तो निर्णय तितकाच मानाचा आहे. दोन्ही वाटांनी आयुष्य सारखेच मिळते, म्हणूनच निवड डॉक्टरची नव्हे, नवऱ्याची नव्हे, तिची आहे. आणि निवड करावयाची तर दोन्ही वाटा तिला तिच्या भाषेत सांगितल्या पाहिजेत. तेलुगूतील छापील कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

परंतु समजा, सारे सांगितले गेले, तिने स्तन राखण्याचे ठरविले, औषधाच्या फेऱ्या पार पडल्या आणि शस्त्रक्रियाही नीट झाली. तरी एक घाट उरतो. स्तन राखला की किरणोपचार घ्यावेच लागतात. ते टाळले तर रोग त्याच जागी उलटण्याचा धोका फार वाढतो. पूर्वी हे उपचार आठवड्याचे पाच दिवस असे पाच आठवडे चालत. हैदराबादचे सरकारी एम. एन. जे. कर्करोग रुग्णालय वांकिडीपासून तीनशे किलोमीटरांवर आणि नागपूर दोनशेच्या पुढे. पाच आठवडे परगावी राहावयाचे म्हणजे घर कोणी पाहावे, गुरे कोणी सोडावी, मजुरी कोणी द्यावी? ‘स्तन काढून टाकला तर हे तरी टळेल ना?’ असा प्रश्न या स्त्रिया विचारतात तेव्हा त्या अडाणीपणाने विचारीत नाहीत, हिशेब करून विचारतात. अनेक ठिकाणी स्तन जातो तो रोगामुळे नव्हे, अंतरामुळे जातो.

या हिशेबातही शास्त्राने मदत केली आहे. ब्रिटनमधील पाहण्यांतून १५ बैठकांचे, म्हणजे तीन आठवड्यांचे किरणोपचार तितकेच गुणकारी ठरले. आणि २०२० मध्ये ४,०९६ रुग्णांवरील पाहणीत केवळ पाच बैठकांचे, एका आठवड्याचे उपचारही पाच वर्षांच्या कसोटीला उतरले. ज्यांच्या बाबतीत हे योग्य असेल त्यांना एक आठवड्याचा पर्याय देणे ही आपल्याकडे चैन नसून गरज आहे. लंडनमध्ये त्याने रुग्णाचा वेळ वाचत असेल. वांकिडीत त्याने स्तन वाचतो.

पैशाची सोय कागदावर तरी वाईट नाही. तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये आरोग्यश्री योजनेची मर्यादा दहा लाखांवर नेली; महाराष्ट्राने त्याच वर्षी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करण्याचा निर्णय घेतला. पण या योजना राज्यांच्या आहेत आणि रोग मुलखाचा आहे. वांकिडीजवळच, परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर यांसारखी १४ गावे अशी आहेत की ज्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. तेथे अनेक घरांत दोन शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे निघतात. निवडणुकीच्या दिवशी दोन्ही राज्यांना ही माणसे आपली वाटतात. रसायनोपचाराच्या सहा फेऱ्यांपैकी तीन एका राज्याच्या योजनेत आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या राज्याच्या योजनेत असा प्रसंग आला, तर मात्र कोणता कारकून त्यांना आपले म्हणेल? औषध, शस्त्र आणि किरण ही एकाच उपचाराची तीन अंगे आहेत. ती एकमेकांपासून तुटली की मधल्या खिंडीत रुग्ण हरवतो. तेव्हा निदान कर्करोगापुरता तरी सीमेलगतच्या मंडलांचा आणि तालुक्यांचा करार दोन्ही राज्यांनी करावा. शिधापत्रिका कोणत्याही बाजूची असो, चंद्रपूर-नागपूरकडे उपचार सुरू झाले तर ते तेथेच पूर्ण व्हावेत आणि पैसे दोन्ही सरकारांनी आपसात फेडावेत. दोडामार्गच्या आंदोलनानंतर सिंधुदुर्गातील रुग्णांसाठी महाराष्ट्राच्या योजनेची सोय बांबोळीत करता आली, तर हे अशक्य का असावे?

तोपर्यंतची स्थिती अशी. तेलंगणाच्या परिवहन मंडळाच्या साध्या बसमध्ये तेथील स्त्रियांना डिसेंबर २०२३ पासून प्रवास फुकट आहे, पण तो राज्याच्या हद्दीपुरता. वांकिडीची बाई तीनशे किलोमीटरांवरच्या हैदराबादला विनातिकीट जाऊ शकते; जेथे तिचे बोलणे डॉक्टरला कळेल त्या चंद्रपूरकडे निघाली तर काही किलोमीटरांवर हद्द येते आणि वाहक तिकीट मागतो. आगगाडीत कर्करुग्णांना सवलत आहे, ती इस्पितळाचा दाखला दाखविल्यावर. दाखला निदानानंतर मिळतो. हाताला लागलेली गाठ घेऊन, ती काय आहे हे विचारण्यासाठी ज्या दिवशी ती घरातून पहिल्यांदा बाहेर पडते, त्या दिवसाचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली वेचणी दोन्ही तिच्याच पदरची असतात.